रियासतकार गो. स. सरदेसाई : लढायांचा इतिहास आणि लिहिणाऱ्याची जबाबदारी

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• रियासतकार सरदेसाई यांच्या जीवनाचे मुख्य टप्पे सांगता येतील.
• बखर, अस्सल कागद आणि सलग इतिहासग्रंथ यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• लोकप्रिय इतिहासलेखनाची शक्ती आणि मर्यादा यांची उदाहरणांसह चर्चा करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मराठी वाचकाला सेनापतींच्या आणि लढायांच्या हकिकतींची ओढ फार जुनी आहे. पोवाडे, बखरी, ऐतिहासिक कादंबऱ्या आणि नाटके यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. तुमच्या घरातही पालखेडची किंवा पानिपतची गोष्ट कोणी ना कोणी सांगितली असेल. मात्र अशी गोष्ट ऐकताना ती कशावरून सांगितली जात आहे, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. सांगणाऱ्याचा आवेश जितका मोठा, तितका हा प्रश्न मागे पडतो.

गोविंद सखाराम सरदेसाई यांनी सामान्य वाचकासाठी मराठ्यांचा सलग इतिहास लिहिला आणि हा प्रश्न आयुष्यभर स्वतःला विचारला. त्यांच्या ग्रंथमालेमुळे लोक त्यांना ‘रियासतकार’ म्हणू लागले, आणि मूळ नावापेक्षा ही उपाधीच अधिक रूढ झाली. या घटकात आपण त्यांचे चरित्र पाहणार आहोत. आपला लिहिलेला ग्रंथ नव्या पुराव्यासमोर पुन्हा उभा करण्याची तयारी त्यांच्यात कशी आली आणि तिची किंमत काय होती, याकडे वाचताना विशेष लक्ष द्या.

४.३ जीवन-विवेचन

४.३.१ गोविल ते बडोदे

सरदेसाई यांचा जन्म १७ मे १८६५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल या लहान खेड्यात झाला. घरची परिस्थिती साधारण होती. रत्नागिरीस माध्यमिक शिक्षण पूर्ण करून ते पुण्यास आणि नंतर मुंबईस गेले. फर्ग्युसन व एल्फिन्स्टन या महाविद्यालयांत शिकून १८८८ मध्ये ते बी. ए. झाले.

त्या पिढीच्या सुशिक्षित तरुणापुढे मराठ्यांचा सलग इतिहास म्हणून मुख्यतः एकच ग्रंथ होता. तो ग्रँट डफ या इंग्रज सरकारच्या लष्करी अधिकाऱ्याने लिहिला होता आणि १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. मराठी राज्य बुडाल्यानंतर अवघ्या आठ वर्षांनी जेत्यांच्या बाजूने लिहिलेला हा इतिहास मराठीत भाषांतरित होऊन शिकवलाही जात असे. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी तरुणपणीच त्यावर टीका करून त्यातील उणिवा दाखवल्या होत्या. परंतु टीका करणे वेगळे आणि त्याच्या जागी दुसरा ग्रंथ उभा करणे वेगळे. हे दुसरे काम कोणी तरी करावयाचे राहिले होते.

१८८९ मध्ये सरदेसाई बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या सेवेत ‘रीडर’ म्हणून रुजू झाले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवणे आणि त्यांसाठी टिपणे काढणे हे त्यांचे काम. पुढे राजकुमारांना शिकवण्याची जबाबदारीही त्यांच्यावर आली. महाराजांबरोबर त्यांनी युरोपचा प्रवास केला. सयाजीरावांच्या प्रेरणेने त्यांनी मॅकियाव्हेलीचा राजनीतीवरील ग्रंथ आणि सीली यांचा इंग्लंडच्या विस्तारावरील ग्रंथ मराठीत आणले. राज्य कसे मिळते आणि कसे टिकते, हा विषय अशा रीतीने नोकरीच्या वाटेने त्यांच्याकडे आला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. सरदेसाई कोणत्याही विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक नव्हते. संस्थानच्या नोकरीतील दैनंदिन कामे सांभाळून, उरलेल्या वेळात त्यांनी अभ्यास केला. तुमच्यापैकी अनेकजण शेती, नोकरी किंवा घरसंसार सांभाळून हे पुस्तक वाचत आहात. अशा परिस्थितीत सलग अभ्यास करणे म्हणजे काय असते, हे तुम्हांला निराळे सांगण्याची गरज नाही.

४.३.२ टिपणांतून ग्रंथ

राजकुमारांना इतिहास शिकवायचा तर मराठीत सोयीचे पुस्तक नव्हते. म्हणून सरदेसाई स्वतः टिपणे तयार करू लागले. ही टिपणे वाढत गेली आणि त्यांतून १८९८ मध्ये ‘मुसलमानी रियासत’ हा ग्रंथ बाहेर पडला. १९०२ मध्ये ‘मराठी रियासती’चा पहिला भाग प्रसिद्ध झाला. पुढे ‘ब्रिटिश रियासत’ही आली. मराठी रियासतीचे काम तीस वर्षे चालले आणि शहाजीराजांच्या काळापासून १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा होईपर्यंतचा पट त्यात मांडला गेला.

ग्रंथाच्या जन्माची ही हकिकत त्याच्या शैलीचा उलगडा करते. विद्यार्थ्यासमोर बसून समजावून सांगणाऱ्या शिक्षकाची मांडणी तिच्यात आहे. आधी पार्श्वभूमी, मग माणसे, मग घटना आणि शेवटी परिणाम असा क्रम बहुधा असतो. लढाईचे वर्णन करण्यापूर्वी ती लढाई का ओढवली, पैसा कोठून आला आणि कोणाचे कोणाशी पटत नव्हते, हे ते सांगतात. त्यामुळे शिकलेल्या मध्यमवर्गापासून खेड्यातील शाळामास्तरापर्यंत अनेकांना रियासत आपली वाटली.

४.३.३ कागद आणि कथन

ज्या वर्षी ‘मुसलमानी रियासत’ प्रसिद्ध झाली, त्याच १८९८ साली विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रकाशित केला. पानिपतपूर्व काळातील आणि पानिपतच्या मोहिमेशी संबंधित अस्सल पत्रे त्यात होती. या मालेचे पुढे एकूण २२ खंड झाले. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध करण्यास आरंभ केला होता, आणि दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचाही कागदपत्रांचा संग्रह व प्रकाशन चालू होते. १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले.

या कागदांनी सरदेसाई यांच्यापुढे एक पेच उभा केला. राजवाडे यांची भूमिका अशी की, आधी साधने पुरेशी जमवावीत, छापावीत, तपासावीत. सलग इतिहास त्यानंतरचा. ही भूमिका शास्त्रशुद्ध होती. पण सामान्य वाचक शंभर वर्षे थांबणार नव्हता. त्याला सलग इतिहास मिळाला नाही, तर तो कादंबरी किंवा नाटक यांनाच इतिहास मानणार होता. सरदेसाई यांनी मधला मार्ग पत्करला. हाती आहे त्या पुराव्यावर आज लिहावे आणि नवा पुरावा आला की बदलावे, असा तो मार्ग होता. यात अभ्यासकांची टीका सोसण्याची तयारी गृहीत होती, आणि ती त्यांनी सोसली.

पानिपतचे उदाहरण घेऊ. ‘भाऊसाहेबांची बखर’ हा मराठी गद्याचा एक तेजस्वी नमुना आहे. तिच्यात माणसांचे मानापमान, हेवेदावे आणि दैवगती यांवर भर आहे. पत्रांतून निराळे चित्र दिसते. १७६० च्या ऑक्टोबरअखेर अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि त्यानंतर सुमारे अडीच महिने दोन्ही सैन्ये पानिपतावर समोरासमोर राहिली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची मोठी आशा संपली. वाटा बंद झाल्या, धान्य महागले, जनावरे मेली. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईचा निकाल बऱ्याच अंशी आधीच्या या आठवड्यांत घडत होता. बखरीतील नाट्य खोटे ठरवून टाकून द्यावे असे नाही. पण पराभवाचे कारण शोधताना पत्रांचे वजन अधिक, हे रियासतीच्या वाचकाला कळू लागले.

स्वयं-अध्ययन : १
(अ) राजवाडे व सरदेसाई यांच्या भूमिकांतील फरक चार वाक्यांत लिहा.
(आ) पानिपतच्या संदर्भात बखर आणि पत्रे यांतून मिळणारी माहिती कशी वेगळी आहे?

४.३.४ साठीनंतरचा आरंभ

१९०४ च्या सुमारास सरदेसाई यांचा बंगालचे इतिहासकार जदुनाथ सरकार यांच्याशी परिचय झाला. जदुनाथ फार्सी साधनांचे जाणकार होते आणि मराठी कागदांसाठी त्यांना मराठी जाणणाऱ्या मित्राची गरज होती. सरदेसाई यांना फार्सी साधनांची गरज होती. या परस्पर गरजेतून सुरू झालेला पत्रव्यवहार अर्ध्या शतकाहून अधिक काळ टिकला. दोघांनी मिळून अनेक ऐतिहासिक स्थळे पाहिली. लढाईचे वर्णन लिहिण्यापूर्वी नदीचा उतार, टेकडी, घाट आणि पाण्याची सोय डोळ्यांनी पाहावी, हा आग्रह दोघांचाही होता. अशा मैत्रीमुळे एकाच बाजूच्या कागदांवर विसंबून राहण्याचा धोका कमी झाला.

१९२५ मध्ये सरदेसाई बडोद्याच्या सेवेतून निवृत्त झाले. त्यांचे दोन्ही पुत्र अकाली गेले. शांतिनिकेतनात शिकलेला आणि पुढे उच्च शिक्षणासाठी जर्मनीत गेलेला श्यामकांत याचा मृत्यूही याच सुमाराचा. त्याची पत्रे पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि अनेक घरांत वाचली गेली. इतरांच्या पत्रांवरून इतिहास लिहिणाऱ्या माणसाच्या वाट्याला स्वतःच्या मुलाची पत्रे जपणे आले, याहून अधिक काही सांगण्याची आवश्यकता नाही.

पुणे जिल्ह्यात इंद्रायणीकाठी कामशेत येथे त्यांनी वास्तव्य केले. साठी उलटलेल्या, मुले गमावलेल्या माणसाने आता विश्रांती घेतली असती, तरी कोणी नाव ठेवले नसते. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड काम मात्र अजून सुरूही व्हायचे होते.

४.३.५ पेशवे दप्तर

पेशव्यांच्या कारभाराचे कागद इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर पुण्यात ठेवले गेले. त्यांत मोडी कागदांचे हजारो रुमाल होते. अनेक दशके भारतीय अभ्यासकांना तेथे मुक्त प्रवेश नव्हता. अखेर मुंबई सरकारने त्यांतील निवडक कागद छापण्याचे ठरवले आणि जदुनाथांच्या पाठिंब्याने हे काम सरदेसाई यांच्याकडे आले. १९३० ते १९३४ या काळात या निवडीचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. पहिला खंड १७६० च्या उदगीरच्या लढाईसंबंधी आणि दुसरा पानिपतसंबंधी होता.

भाषेचे विद्यार्थी म्हणून या कामाचे स्वरूप तुम्ही समजून घेतले पाहिजे. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. ओळ एका दमात लिहिलेली असते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. पत्रांत अरबी-फार्सी शब्दांची गर्दी असते. तारीख पुष्कळदा मुसलमानी महिन्याच्या चंद्राने दिलेली असते आणि वर्षाचा उल्लेखच नसतो. मग मजकुरात आलेली माणसे, मुक्काम आणि घटना यांवरून वर्ष ठरवावे लागते. ते एका वर्षाने चुकले, तर लढाईनंतरचे पत्र लढाईपूर्वीचे ठरते आणि जिंकणारा सेनापती भेकड किंवा अविचारी दिसू लागतो. लढायांच्या इतिहासात एका तारखेवर एखाद्या माणसाची अब्रू अवलंबून असते, हे या उदाहरणावरून लक्षात येईल.

या निवडीवर टीकाही झाली. निवड म्हटली की काही कागद घेतले जातात आणि पुष्कळ मागे राहतात. निवडणाऱ्याची दृष्टी तेथे काम करते. ही टीका आजही विचारात घेण्याजोगी आहे. तथापि बंद दारामागचे कागद या ४५ खंडांमुळे पहिल्यांदाच कोणाही अभ्यासकाच्या टेबलावर आले. सरदेसाई यांची मते न पटणाऱ्यांनाही ती खोडण्याचे साधन त्यांनीच उपलब्ध करून दिले. पुढे जदुनाथांसमवेत त्यांनी पुणे रेसिडेन्सीच्या इंग्रजी पत्रव्यवहाराची मालाही संपादित केली.

आता रियासतीचे काय करायचे, हा प्रश्न होता. आपलाच ग्रंथ जुना ठरवणारे कागद त्यांनीच छापले होते. त्यांनी रियासतीच्या सुधारलेल्या आवृत्त्या सिद्ध केल्या आणि वयाच्या ऐंशीनंतर, १९४६ ते १९४८ या काळात, मराठ्यांचा नवा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत प्रसिद्ध केला. तीस वर्षे खपून लिहिलेले घर उतरवून तेच दगड पुन्हा रचावेत, तसे हे काम होते.

४.३.६ पराभवाचे लेखन

लोकप्रिय इतिहासाची परीक्षा विजयाच्या वर्णनात होत नाही. १७२८ मध्ये पालखेड येथे थोरल्या बाजीरावांनी निजामाला कसे कोंडीत पकडले, हे सांगताना लेखकाला वाचकाची साथ आयतीच मिळते. पराभव सांगताना मात्र दोन मोह आडवे येतात. एक म्हणजे सारा दोष एखाद्या व्यक्तीच्या माथी मारणे. दुसरा म्हणजे पराभव झालाच नाही अशा थाटात पुढे जाणे.

सरदेसाई यांचा पानिपतविषयीचा निष्कर्ष असा की, मनुष्यहानी अपार झाली, परंतु मराठी सत्ता तेथे संपली नाही. माधवराव पेशव्यांच्या काळात ती सावरली आणि दहा-अकरा वर्षांत महादजी शिंदे आदी सरदारांच्या बळावर शाहआलम बादशहा दिल्लीच्या तख्तावर परतला. हा निष्कर्ष सर्वांना मान्य झाला नाही. त्र्यंबक शंकर शेजवलकर यांच्यासारख्या अभ्यासकाने पानिपतचा स्वतंत्र विचार केला. वाद झाला, तोही कागदांच्या आधारे.

अखेरचा पराभव आपल्या भागाच्या जवळ येतो. आष्टीच्या लढाईत, २० फेब्रुवारी १८१८ रोजी, बापू गोखले पडले. त्यानंतर दुसरे बाजीराव नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांच्या भेटीच्या आशेने चांद्याच्या दिशेने वऱ्हाडात उतरले. एप्रिलच्या मध्यास आजच्या यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या परिसरात, कर्नल ॲडम्सच्या फौजेशी गाठ पडून पेशव्यांच्या सैन्याची दाणादाण उडाली. ३ जून १८१८ रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले. शनिवारवाड्यावरील निशाण उतरल्याचा प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. पांढरकवड्याचे नाव मात्र या जिल्ह्यातील पुष्कळांनाही या संदर्भात ठाऊक नसते. ज्या लढाईत अभिमान बाळगण्यासारखे काही नसते, तिची आठवण लोक ठेवत नाहीत. सलग इतिहास लिहिणाऱ्याला तो मार्ग मोकळा नसतो. म्हणून सरदेसाई १८१८ लाही थांबले नाहीत. राज्याची शेवटची निशाणी मिटेपर्यंत ते लिहीत राहिले.

४.३.७ रियासतीची भाषा

‘रियासत’ हा शब्दच अरबी-फार्सी परंपरेतून मराठीत आलेला आहे; त्याचा अर्थ राज्य, सत्ता. बखरीची अलंकृत भाषा आणि शास्त्री-पंडितांची संस्कृतप्रचुर भाषा या दोन्हींपासून सरदेसाई यांनी अंतर राखले. वाक्ये मध्यम लांबीची, शब्द ओळखीचे आणि कार्यकारणाचा दुवा उघड, असे हे गद्य आहे.

त्यांच्या काही शीर्षकांकडे पाहा : ‘शककर्ता शिवाजी’, ‘उग्रप्रकृति संभाजी’, ‘स्थिरबुद्धि राजाराम’, ‘पुण्यश्लोक शाहू’. प्रत्येक नावापुढे एक सामासिक विशेषण आहे. स्मरणाला ते फार सोयीचे. पण विशेषण हा निवाडाही असतो आणि तो ग्रंथ उघडण्यापूर्वीच वाचकाच्या मनात बसतो. संभाजी महाराजांविषयी वा. सी. बेंद्रे यांचा ग्रंथ १९६० मध्ये आला आणि त्यानंतर त्यांची जुनी प्रतिमा पुष्कळ बदलली. ‘उग्रप्रकृति’ हा शब्द आज अपुरा आणि अन्यायकारक वाटतो. हा बदल पाहायला सरदेसाई नव्हते. पण त्यांच्या स्वतःच्या पद्धतीने पाहिले तरी तो योग्यच ठरतो.

४.३.८ अखेरचा काळ

पुणे विद्यापीठाने १९५१ मध्ये त्यांना डी. लिट्. ही सन्मान्य पदवी दिली. ‘माझी संसारयात्रा’ हे आत्मचरित्र त्यांनी उतारवयात लिहिले. १९५७ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. १९५८ मध्ये जदुनाथ गेले आणि २९ नोव्हेंबर १९५९ रोजी, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, सरदेसाई यांनी देह ठेवला.

४.४ सारांश

सरदेसाई यांनी राजकुमारांसाठी काढलेल्या टिपणांतून रियासतीची निर्मिती झाली आणि मराठी वाचकाला आपल्या भाषेत सलग इतिहास मिळाला. साधने अपुरी असताना लिहिण्याचा धोका त्यांनी पत्करला. साठीनंतर पेशवे दप्तराचे ४५ खंड संपादित करून नवी साधने प्रकाशात आणली. आणि त्या साधनांच्या उजेडात स्वतःचे लेखन बदलले. त्यांचे काही निष्कर्ष आज मागे पडले आहेत. सेनापतींवर आणि लढायांवर मराठीत आजही पुस्तके येत आहेत आणि आवडीने वाचली जात आहेत. त्यांतील प्रत्येक पुस्तक हाती घेताना लेखकाने कागद पाहिले आहेत काय, पराभवही सांगितला आहे काय आणि बदलण्याची तयारी ठेवली आहे काय, हे तीन प्रश्न तुम्ही विचारावेत, एवढी अपेक्षा आहे.

४.५ पारिभाषिक शब्द

रुमाल : कागदपत्रे बांधून ठेवण्याचे कापड, त्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा.
दप्तर : कारभाराच्या कागदांचा संग्रह; तो ठेवण्याची जागा.
अस्सल पत्र : घटनेच्या काळीच संबंधित व्यक्तीने लिहिलेले मूळ पत्र.
बखर : ऐतिहासिक व्यक्ती किंवा घटना यांविषयीचा जुन्या मराठी गद्यातील वृत्तान्त, पुष्कळदा घटनेनंतर लिहिलेला.
रसद : सैन्याला होणारा धान्य-वैरण व सामानाचा पुरवठा.

४.६ स्वाध्याय

(१) ‘साधने आधी की सलग इतिहास आधी?’ या वादात तुमचे मत कारणांसह मांडा.
(२) मोडी पत्राचे वर्ष निश्चित करण्यातील अडचणी सांगून त्यांचे महत्त्व स्पष्ट करा.
(३) इतिहासग्रंथाच्या शीर्षकातील विशेषण वाचकावर कोणता परिणाम करते? सोदाहरण लिहा.

४.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावाजवळची गढी, समाधी, जुनी बारव किंवा लढाईची म्हणून सांगितली जाणारी जागा पाहा. गावातील दोन वयस्क व्यक्तींकडून तिची हकिकत ऐकून लिहून घ्या. त्याच जागेची माहिती जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये किंवा ग्रंथालयातील एखाद्या पुस्तकात शोधा. दोन्हींत जेथे फरक आढळेल, तेथे कोणते विधान कशाच्या आधारावर उभे आहे, याची नोंद दोन पानांत करा. एखाद्या विधानाला आधार सापडला नाही, तर तसे स्पष्ट लिहा. ती नोंदही तुमच्या अभ्यासाचा भाग समजली जाईल.